मुतखड्याची कळ थांबली, पण खडा पडलेला दिसला नाही. आता?

चौकस:

एका रिपोर्टबद्दल विचारायचं आहे. रुग्ण पुरुष, वय ४२. पहाटे डाव्या कुशीत एकाएकी कळ उठली, पुढे येऊन जांघेत उतरली, दोन उलट्या झाल्या. ताप नव्हता. कॉन्ट्रास्टशिवाय केलेल्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात ६ मिमीचा खडा दिसला, मूत्राशयाच्या तोंडापासून साधारण २ सेंमी वर. घनता ८५० एचयू लिहिली आहे. डाव्या किडनीला हलकी सूज. उजव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात ३ मिमीचा आणखी एक खडा आहे, त्याचा काही त्रास नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.१, लघवीत लाल पेशी २०-२५, पू पेशी ३-४.

डायक्लोफेनॅक लागेल तशी, टॅम्सुलोसिन (मूत्रवाहिनी सैल करणारं औषध) ०.४ मिग्रॅ रोज रात्री, आणि चार आठवड्यांनी पुन्हा दाखवा, एवढं सांगितलं आहे. गेले चार दिवस कळ अजिबात नाही. पण लघवीतून खडा पडल्याचंही कुणी पाहिलेलं नाही. मग पडला असं धरायचं का? कुणी म्हणतं दिवसाला पाच-सहा लिटर पाणी प्या, दाबाने निघून जाईल. कुणी म्हणतं दूध बंद करा. यातलं खरं किती? आणि चार आठवडे थांबणं कितपत सुरक्षित आहे, मधेच धावत जाण्याची वेळ कोणती?

ओपीडी_क्रमांक_सात:

धरायचं नाही. बाकी सगळे प्रश्न याच्या मागून येतात, म्हणून आधी कळ कशाने येते ते पाहू.

खडा टोचतो म्हणून दुखतं असं बहुतेकांना वाटतं. टोचण्याचा वाटा थोडाच. खडा वाहिनीत अडकला की वरून येणारी लघवी तुंबते, किडनीतला दाब चढतो आणि तिच्यावरचं आवरण ताणलं जातं. त्या ताणाने प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांनी किडनीचा रक्तपुरवठा वाढतो, लघवी आणखी तयार होते, दाब आणखी चढतो, आणि वाहिनीचे स्नायू खड्याला आवळून धरतात. म्हणून किडनीत निवांत पडलेला १० मिमीचा खडा वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि वाहिनीत उतरलेला ३ मिमीचा माणसाला गडाबडा लोळवतो. कळ किती जोराची यावरून खड्याचा आकार कळत नाही.

आता कळ थांबते कशाने? एक, खडा मूत्राशयात पडला. दोन, खडा जरा फिरला किंवा सरकला आणि बाजूने लघवीला वाट मिळाली. तीन, औषधाने. चार, अडथळा जसाच्या तसा आहे, पण किडनीने हात आखडता घेतला: काही तासांनंतर तिचा रक्तपुरवठा उलट कमी होतो, लघवी कमी बनते, दाब उतरतो आणि दुखणं निवतं. या चौथ्या प्रकारात दुखत नाही, ताप नाही, आणि त्या बाजूची किडनी मुकाट्याने झिजत जाते. दुसरी किडनी धडधाकट असली की क्रिएटिनिनही नॉर्मलच येतं, त्यामुळे १.१ वर विसंबून राहू नका. वर्षभराने दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी करताना कागदासारखी पातळ झालेली किडनी सापडते, ती बहुधा अशीच गेलेली असते.

खडा पडण्याची शक्यता किती? मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंमी लांब, आतून ३-४ मिमी. तीन जागा अरुंद: किडनीतून वाहिनी निघते तिथे, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. शेवटची सर्वांत अरुंद. तुमचा खडा तिच्याच दारात आहे. म्हणजे लांबचा प्रवास झाला, आता उंबरठा राहिला. वाहिनीतले खडे आपोआप पडण्याचं ढोबळ प्रमाण ५ मिमीपर्यंत सुमारे ६८ टक्के आणि ५ ते १० मिमीमध्ये सुमारे ४७ टक्के. खालच्या भागातले खडे वरच्यांपेक्षा जास्त पडतात. म्हणजे ६ मिमीला निम्म्याहून थोडी बरी आशा. वाट पाहायला सांगितलं ते बरोबरच आहे. पण ४ ते ६ आठवड्यांच्या पुढे थांबायचं नाही, कळ असो वा नसो.

खालच्या भागातला खडा मूत्राशयाला चाळवतो, तेव्हा सारखी लघवीला लागते, शेवटी जळजळतं, पुरुषांमध्ये शिस्नाच्या टोकाशी दुखतं. याला संसर्ग समजून अँटिबायोटिकचे कोर्स दिले-घेतले जातात. ही घाई दोन दिवस चालली आणि एकदम थांबली, तर खडा मूत्राशयात पडला असण्याची शक्यता बरीच. तरी ती शक्यताच.

धावत जाण्याची वेळ: अडकलेला खडा आणि सोबत ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप किंवा थंडी वाजून हुडहुडी. याला सकाळपर्यंत थांबायचं नसतं. तुंबलेल्या लघवीत पू झाला की दाबाने जंतू रक्तात ढकलले जातात आणि काही तासांत रक्तदाब कोसळतो. अशा वेळी नुसत्या इंजेक्शनांनी भागत नाही, कारण तुंबलेल्या किडनीत औषध पुरेसं पोचत नाही. आत स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक पोकळ नळी) किंवा पाठीतून नळी घालून लघवीला वाट करून द्यावी लागते. खडा नंतर काढतात, आधी निचरा. याशिवाय लघवी पूर्ण बंद होणं, एकच किडनी असताना कळ येणं, दोन्ही बाजूंना एकदम अडथळा, गरोदरपण, पोटात पाणीही न टिकणं, आणि औषध घेऊनही न ओसरणारी कळ. यातलं काहीही असलं तर चार आठवड्यांची तारीख विसरा.

पाण्याचं: कळ चालू असताना दाबून पाणी पाजल्याने किंवा सलाइनच्या बाटल्या चढवल्याने खडा लवकर पडतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. वर सांगितलेलं चक्र आठवा. तुंबलेल्या नळीमागे आणखी पाणी सोडलं तर दाब आणि दुखणं वाढेल एवढंच. तहान लागेल तसं प्या, उलट्यांनी गेलेलं भरून काढा. भरपूर पाणी पुढचा खडा होऊ नये यासाठी. तो मुद्दा वेगळा आणि तिथे ते सर्वांत मोलाचं.

काळा_पांढरा:

रिपोर्ट वाचण्याबद्दल थोडं.

६ मिमी हा आकडा कोणत्या दिशेने मोजला ते बघा. वाहिनीतून जाताना महत्त्वाची असते ती आडवी रुंदी. ४ बाय ६ चा लांबोडका खडा आणि ६ बाय ६ चा गोल, दोन्ही रिपोर्टमध्ये '६ मिमी' होऊन बसतात. सोनोग्राफी लहान खड्यांचा आकार फुगवून सांगते, त्यामुळे सीटीत ६ आणि नंतर सोनोग्राफीत ७.५ आला तर खडा वाढला म्हणून घाबरायचं कारण नाही.

८५० एचयू ही क्ष-किरण अडवण्याची क्षमता. साधारण ५०० च्या खाली असेल तर युरिक ॲसिडचा संशय घ्यावा, १००० च्या वर टणक कॅल्शियम ऑक्झलेट. ८५० म्हणजे बहुधा कॅल्शियमचाच, नक्की काय ते खडा तपासल्यावर. मात्र याचा एक व्यवहारी उपयोग आत्ताच आहे: असा खडा साध्या एक्स-रेवर दिसण्याची बरीच शक्यता असते. सीटीच्या सुरुवातीला एक सपाट चित्र घेतात, त्यात खडा दिसत असेल तर एक्स-रेवरही दिसेल. मग पाठपुराव्यासाठी पुन्हा सीटीचं किरणोत्सर्जन घ्यायला नको. एक्स-रे आणि सोनोग्राफी मिळून काम भागतं. एक्स-रेवर न दिसणारा खडा असेल तर कमी मात्रेचा सीटी.

सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं ठेवून जा. खालच्या टोकाचा खडा भरलेल्या मूत्राशयाच्या खिडकीतूनच दिसतो. रिकाम्या मूत्राशयावर केलेल्या तपासणीत 'खडा दिसला नाही' असं लिहून आलं तर त्याला फारसा अर्थ नाही. वाहिनीच्या मधल्या भागावर आतड्यातल्या हवेचा पडदा असतो, तिथला खडा सोनोग्राफीत निसटतोच. तपासणाऱ्याला सांगून ठेवा: डाव्या किडनीची सूज उतरली का, आणि कलर डॉपलरवर (प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) डाव्या बाजूने मूत्राशयात लघवीच्या पिचकाऱ्या पडताना दिसतात का. खड्याचा फोटो मिळाला नाही तरी ही दोन उत्तरं बरंच सांगून जातात.

आणखी एक फसवणूक. ओटीपोटातल्या शिरांमध्ये चुन्याचे बारीक गोल ठिपके असतात, ते एक्स-रेवर हुबेहूब खड्यासारखे दिसतात. 'औषधाने न हटणारा खडा' म्हणून महिनोन्महिने उपचार चालू राहिलेले काही ठिपके मुळात खडे नसतातच. सीटीत ते सहसा ओळखू येतात: खड्याभोवती सुजलेल्या वाहिनीचं कडं असतं, ठिपक्याला बहुधा शेपटीसारखी रेघ. म्हणून नंतरचा एक्स-रे नेहमी पहिल्या सीटीशेजारी ठेवून वाचायचा.

उजवीकडचा ३ मिमी: सोडून द्या. वर्षातून एकदा सोनोग्राफी.

गोळीबंद:

औषधांपुरतं बोलतो.

डायक्लोफेनॅक इथे नुसती वेदनाशामक नाही. ती प्रोस्टाग्लँडिनच अडवते, म्हणजे वर सांगितलेल्या चक्राच्या मुळाशी घाव घालते. म्हणूनच कळ येताच पहिली निवड या गटाची, अफूजन्य औषधं नंतर. तोंडाने ५० मिग्रॅ जेवणानंतर, दिवसात जास्तीत जास्त १५० मिग्रॅ. उलट्या होत असतील तर गोळी पोटात राहणार नाही. तिथे स्नायूत इंजेक्शन किंवा गुदद्वारातून १०० मिग्रॅची सपोझिटरी. किडनीचं काम आधीच कमी असेल, जठरव्रण झालेला असेल, हृदयविकार असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर ही स्वतःहून घ्यायची नाही. त्यांच्यासाठी पॅरासिटामॉल १ ग्रॅम, तेही दोन मात्रांत किमान चार तास ठेवून आणि दिवसात ४ ग्रॅमच्या आत; वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा आणखी खाली येते.

एक गोष्ट नेहमी राहून जाते. ही दोन्ही औषधं तापही उतरवतात. म्हणजे धोक्याची जी घंटा वर सांगितली, तीच दाबली जाते. गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा, आकडा वेळेसकट लिहून ठेवा. थंडी वाजून आली आणि गोळीने 'बरं वाटलं', याला बरं वाटणं म्हणत नाहीत.

पेटके घालवणारी जी इंजेक्शनं सर्रास जोडीला देतात, त्यांचा डायक्लोफेनॅकच्या वर फारसा फायदा दिसलेला नाही.

टॅम्सुलोसिन रोज एकाच जेवणानंतर, कॅप्सूल न चावता, न उघडता. पहिले काही दिवस उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून पलंगाच्या कडेला अर्धा मिनिट बसून मग उभं राहायचं. वीर्य बाहेर न येणं हा परिणाम सांगितलाच जात नाही आणि मग माणूस घाबरतो. औषध थांबलं की ते पूर्ववत होतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं आधी कळवा, बाहुली शस्त्रक्रियेत ढिली पडते.

लघवीची जळजळ थांबवणारी सायट्रेटची सिरपं 'खडा विरघळवणारी' म्हणून खपतात. कॅल्शियमचा खडा कुठल्याच सिरपने विरघळत नाही. विरघळतो तो युरिक ॲसिडचा. त्यासाठी लघवीचा पीएच ७.० ते ७.२ च्या आसपास काही आठवडे ते काही महिने टिकवावा लागतो, पट्टी बुडवून रोज मोजावा लागतो. घनता ८५० असताना त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

सरळ_बोलतो:

टॅम्सुलोसिनचं कौतुक पुरे. २०१५ मध्ये ब्रिटनमधला ससपेंड अभ्यास आला, ११०० हून अधिक रुग्ण. चार आठवड्यांत पुढचा उपचार लागला नाही असे लोक टॅम्सुलोसिन गटात ८१ टक्के आणि नुसत्या रिकाम्या गोळीच्या गटात ८० टक्के. २०१८ चा अमेरिकी अभ्यास, त्यात खडा पडल्याचं प्रमाण मोजलं, तेही ५० विरुद्ध ४७ टक्के. मग द्यायचं कशाला?

ओपीडी_क्रमांक_सात:

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष जरा घाईचा. ससपेंडमधल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांचे खडे ५ मिमी किंवा त्याहून लहान होते. ते तसेही पडतात. जिथे निसर्गच काम करतो तिथे औषधाला दाखवायला जागा उरत नाही. अमेरिकी अभ्यासात तर सरासरी आकार ४ मिमीच्याही आत होता. चीनमधल्या तीन हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात फक्त खालच्या भागातले ४ ते ७ मिमीचे खडे घेतले होते, तिथे फरक दिसला आणि तो ५ मिमीच्या वरच्या खड्यांमध्येच दिसला. म्हणून ४ मिमीला देऊ नये, किडनीत बसलेल्या खड्याला तर मुळीच नाही. खालच्या टोकाच्या ६ मिमीला देणं पटण्यासारखं आहे. चक्कर सोसत नसेल तर बंद केल्याने काही बिघडत नाही.

चौकस:

पिचकाऱ्यांचा मुद्दा टिपून ठेवला. आता दोन शंका. चार आठवड्यांनीही खडा तिथेच असेल तर दुर्बिणीने काढतात की बाहेरून लहरी देऊन फोडतात? आणि स्टेंट टाळता येतो का? खड्यापेक्षा स्टेंटचाच वैताग जास्त असं वाचायला मिळतं.

ओपीडी_क्रमांक_सात:

खालच्या टोकाच्या ६ मिमीला दुर्बीण. लघवीच्या वाटेनेच आत जातात, कुठे छेद नाही. आधी वाहिनीत एक मऊ टोकाची तार वर किडनीपर्यंत सरकवतात, ही सुरक्षेची दोरी. काही बिनसलं तर तिच्यावरून स्टेंट घालता येतो. मग ३ मिमीच्या आतबाहेर जाडीची दुर्बीण, लेझरने तुकडे किंवा भुगा, मोठे तुकडे तारेच्या जाळीने बाहेर. एका बैठकीत खडा पूर्ण निघण्याची शक्यता लहरींपेक्षा चांगली. बिघडतं ते असं: वाहिनी इतकी अरुंद की दुर्बीण चढतच नाही. तिथे जोर करायचा नसतो. स्टेंट घालून बाहेर यायचं आणि एक-दोन आठवड्यांनी वाहिनी सैल झाल्यावर पुन्हा जायचं. रुग्णाला हे आधी सांगितलेलं नसेल तर त्याला वाटतं शस्त्रक्रिया फसली. लेझरच्या वेळी खडा उसळून वर किडनीत पळणं हा दुसरा प्रकार, वरच्या भागातल्या खड्यांत जास्त.

बाहेरून लहरी देण्याची पद्धत १९८० मध्ये म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरली गेली. तिची खरी जागा किडनीतले २ सेंमीपर्यंतचे खडे. घनता १००० एचयूच्या वर गेली किंवा कातडीपासून खडा १० सेंमीहून दूर असला तर ती कमी पडते. फुटलेले तुकडे शेवटी वाहिनीतूनच यायचे असतात, आणि कधी ते रांगेने अडकून नवीनच कोंडी करतात. गरोदरपणात आणि रक्त गोठण्याचा दोष असताना लहरी देत नाहीत. किडनीतला २ सेंमीच्या वरचा खडा असेल तर पाठीतून छिद्र पाडून.

स्टेंट: वाहिनीला इजा नाही, सूज नाही, तुकडे उरले नाहीत, दुसरी किडनी ठीक, तर न घालताही चालतं. शस्त्रक्रियेआधी तसं विचारायला हरकत नाही. निर्णय मात्र आत पाहिल्यावरच होतो. घातला तर वारंवार लघवी, लालसर लघवी, आणि लघवी करताना कुशीत चमक हे अपेक्षित असतं. चमक येते कारण स्टेंट मूत्राशयाचं दार उघडं ठेवतो आणि जोर केल्यावर लघवी उलटी वर चढते. लघवी सावकाश, जोर न लावता करायची. टॅम्सुलोसिनचा इथे खरोखर उपयोग होतो.

आणि काढण्याची तारीख. साध्या दुर्बिणीनंतरचा स्टेंट काही दिवस ते दोन-तीन आठवड्यांत निघतो. तीन महिन्यांच्या पुढे विसरलेल्या स्टेंटवर खड्याचेच थर चढतात, दोन्ही टोकं दगडी होतात आणि ओढला तर तुटतो. मग एका ६ मिमीपायी मोठी शस्त्रक्रिया. डिस्चार्ज कागदावर 'स्टेंट आत आहे' हे आणि काढण्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

काळा_पांढरा:

अवांतर, पण धागा नंतर वाचणाऱ्यांसाठी. कुशीतली प्रत्येक कळ मुतखड्याची नसते. साठीनंतर पहिल्यांदाच 'मुतखड्यासारखी' कळ आली, विशेषतः डावीकडे, तर आधी महाधमनीचा फुगवटा नाही ना हे पाहायचं. तो फुटायला आला तर हुबेहूब अशीच कळ देतो. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीची गर्भ-चाचणी आधी, कारण गर्भाशयाच्या नळीत रुजलेला गर्भही अशीच कळ देतो. तरुण मुलगा जांघेत दुखतं म्हणाला तर अंडकोश तपासल्याशिवाय सोडायचं नाही. पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत सोडवावा लागतो. उजवीकडे अपेंडिक्स.

एक जुनी खूण अजून कामी येते. मुतखड्याचा माणूस एका जागी ठरत नाही, उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो. पोटाच्या आवरणाला सूज आलेला निपचित पडून राहतो, पलंग हलला तरी कळवळतो. लघवीत रक्त नाही म्हणून मुतखडा नाही असं मात्र म्हणू नका, दहातल्या एकाला तरी लघवी स्वच्छ येते. आणि पित्ताशयातले खडे हा निराळाच आजार: बरगडीखाली उजवीकडे, तेलकट खाल्ल्यावर, उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाणारं दुखणं. दोघांना 'खडे' म्हणतात एवढंच नातं.

परीक्षानळी:

खडा पडला का हे ओळखायची सर्वांत स्वस्त सोय कुणी सांगितली नाही. लघवी गाळा. बारीक जाळीची चहाची गाळणी किंवा दुहेरी पातळ कापड एखाद्या भांड्यावर ताणून. प्रत्येक वेळी, रात्रीचीसुद्धा. तुमचे चार दिवस गाळण्याविना गेले असतील तर खडा कमोडमधून निघून गेला असण्याचीही शक्यता आहेच, ६ मिमीचा खडा पाण्यात पडला तर कळतही नाही. आजपासून सुरू करा. मिळाला तर साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, कोरड्या डबीत ठेवा. चिकटपट्टीवर चिकटवू नका, फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. गोंद आणि रसायन दोन्ही तपासणीत लुडबुड करतात. इन्फ्रारेड पद्धतीने तपासून घ्या. जुन्या रासायनिक पद्धतीत मिश्र खड्याचे घटक चुकतात.

आता दुधाचा प्रश्न, तो अनुत्तरितच राहिला. बंद करू नका. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून शौचावाटे बाहेर नेतं. दूध तोडलं की ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात शोषलं जातं, लघवीत उतरतं. २००२ मध्ये इटलीतल्या अभ्यासात कॅल्शियमचे खडे वारंवार होणाऱ्या पुरुषांना पाच वर्षं दोन प्रकारचे आहार दिले. कमी कॅल्शियमवाल्या गटात ३८ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला; कॅल्शियम नेहमीइतकं पण मीठ आणि मांस कमी, त्या गटात २० टक्के. दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ कॅल्शियम अन्नातून यावं, आणि शक्यतो जेवणासोबत. गोळीच घ्यायची असेल तर तीही जेवतानाच, रात्री झोपताना रिकाम्या पोटी नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. सोडियम बाहेर टाकताना किडनी सोबत कॅल्शियमही सोडते, म्हणून मीठ हे कॅल्शियमच्या खड्याचं खरं खतपाणी. पालक, बीट, बदाम यांत ऑक्झलेट जास्त. रोजचा वाडगाभर पालकाचा रस हा प्रकार थांबवा, बाकी भाजीपाला खुशाल. टोमॅटोच्या बियांवर उगाच आळ आहे, त्यात ऑक्झलेट नगण्य. क जीवनसत्त्वाच्या १००० मिग्रॅच्या गोळ्या रोज घेणं सोडा, शरीर त्याचं ऑक्झलेट करतं. लिंबाचं पाणी चांगलं, सायट्रेट मिळतं, पण त्यात मीठ घातलंत तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलंत.

पाणी किती प्यायलात ते मोजू नका, लघवी किती झाली ते मोजा. लक्ष्य चोवीस तासांत अडीच लिटर. घाम येणाऱ्या कामात त्यासाठी चार लिटरही प्यावं लागेल, थंडीत तीन पुरेल. झोपण्याआधी एक पेला, आणि रात्री लघवीला उठलात तर आणखी अर्धा. रात्रीचीच लघवी सर्वांत दाट असते. हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असलेल्यांनी हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

चौकस:

आभार. आजपासून गाळणी लावली आहे आणि दहाव्या दिवशी भरल्या मूत्राशयाने सोनोग्राफी ठरवली आहे. चोवीस तासांची लघवीची तपासणी लगेच करून टाकावी का?

परीक्षानळी:

लगेच नको. खडा अडकलेला असताना, औषधं चालू असताना आणि घाबरून खाणंपिणं बदललेलं असताना केलेली तपासणी नेहमीच्या दिवसांचं चित्र देत नाही. खडा निघाल्यावर किमान सहा आठवड्यांनी, रोजचंच खात-पीत असताना करा. पहिल्यांदाच खडा झाला असेल आणि घराण्यात कुणाला नसेल तर सगळ्यांना ती लागतेच असं नाही. इथे उजवीकडेही एक आहे म्हणून मी करून घ्यायला सांगेन. सीरम कॅल्शियम आणि युरिक ॲसिड मात्र आत्ताच करा. कॅल्शियम वर असेल तर पुढची तपासणी पॅराथायरॉइड हार्मोनची, कारण त्या ग्रंथीच्या गाठीमुळे होणारे खडे पाणी पिऊन थांबत नाहीत.

गोळा करण्याची रीत: सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या, घड्याळ बघून वेळ लिहा. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली लघवीसुद्धा. बहुतेकांची चूक इथेच होते: दोन्ही सकाळच्या लघव्या घालतात किंवा दोन्ही टाकतात. शौचाला जाताना आधी लघवी कॅनमध्ये करून घ्या, नाहीतर तेवढी हातची जाते. प्रयोगशाळेने कॅनमध्ये आम्ल घालून दिलं असेल तर थेट आत करू नका, भांड्यात करून ओता, शिंतोडे त्वचेला भाजतात. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन पाहिलं की गोळा केलेलं पुरतं होतं का ते कळतं: पुरुषात वजनाच्या किलोमागे साधारण १८ ते २४ मिग्रॅ यायला हवं. ७० किलोच्या माणसाचं ७०० आलं तर निम्मी लघवी कुठेतरी गेली, बाकीचे आकडे वाचूच नका. दोन वेगवेगळ्या दिवशी करा, एक कामाचा आणि एक सुट्टीचा. बऱ्याच जणांचं पाणी कामाच्या दिवशीच कमी पडलेलं सापडतं.

काळा_पांढरा:

सोनोग्राफीला जाताना पहिल्या सीटीची सीडी न्या. नुसता कागदी रिपोर्ट नको, चित्रं हवीत.